डाव्या कानाचा पेपर

सगळे तिला मोठी सिस्टर म्हणायचे. वयाने ती फार मोठी नव्हती, पण अतिदक्षता विभागात तिच्याइतकी वर्षं दुसऱ्या कुणी काढली नव्हती. परदेशातल्या एका रुग्णालयाने तिला त्याच विभागात जागा देऊ केली होती. अट एकच होती, इंग्रजीची वरच्या मध्यम पातळीची परीक्षा. मुलगी त्याच देशात शिकत होती, त्यामुळे नवऱ्याने तर मनातल्या मनात बॅगा भरूनही टाकल्या होत्या.

ती दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा ऐकण्याच्या पेपरात. पहिल्यांदा तिने हॉलमधल्या पंख्याला बोल लावला. दुसऱ्यांदा ध्वनिफितीतल्या बाईला. "तोंडात गोळी ठेवून बोलत होती मेली!"

इंग्रजीच्या क्लासचे सर मात्र तिचा निकाल बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, वाचन उत्तम, लेखन चांगलं. बोलण्यात तर तुम्ही मलाच गप्प बसवता. मग ऐकतानाच काय होतं?"

"सवय नाही हो."

सरांनी हेडफोन पुढे केला. "आता फक्त डाव्या कानाने ऐका बरं."

ती ऐकायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो सर, चालू करा ना."

तिने सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, ते केव्हाचंच चालू होतं.

घरी सांगितल्यावर नवरा आधी हसला. "तरीच आपला टीव्ही शेजारचे ऐकतात!" मग तिचा चेहरा पाहून गंभीर झाला. "कुणाला बोलू नकोस. परीक्षा होऊ दे, मग बघू."

पण तिच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. मागे एकदा तिच्या डाव्या हाताच्या पलंगापाशी औषधाचा पंप धोक्याची सूचना देत वाजत होता आणि धाकटी सिस्टर दुसऱ्या टोकाहून धावत आली होती. "ताई, ऐकू नाही आलं?" "कामात होते गं," तिने सांगितलं होतं. तेव्हा तिला ते खरंच वाटलं होतं. पेशंटला काही झालं नाही. पण झालं असतं तर?

सकाळी कामावर जाताच ती मेट्रनच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मेट्रनने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आधी कान तपासून ये. तोवर तू या विभागात नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटायचं ते वाटलंच. डाव्या कानाची नस कमजोर होत चालली होती. यंत्राने थोडाफार फरक पडेल, पूर्वीसारखं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिची बदली मलमपट्टीच्या खोलीत झाली.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास," नवरा म्हणाला.

"माझ्या पायावर पडला ते बरं. दुसऱ्याच्या छातीवर पडला असता म्हणजे?"

त्यानंतर दोघं कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होती.

तिसऱ्यांदा परीक्षेला बसताना तिने डॉक्टरांचा दाखला जोडला. तिला वेगळी खोली आणि हेडफोन मिळाला. ध्वनिफितीतली बाई स्वच्छ बोलत होती. गोळी वगैरे काही नव्हती. ती पास झाली. मुलगी फोनवर किंचाळली, नवऱ्याने शेजारीपाजारी सांगून टाकलं.

कानाचं तिने परदेशातल्या रुग्णालयालाही कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं ते सभ्य भाषेत होतं. अतिदक्षता विभागात घेता येणार नाही, वृद्धांच्या विभागात याल का? ते इंग्रजी समजायला आता तिला कुणाची मदत लागली नाही.

"जागा तर देताहेत ना?" नवरा म्हणाला. "पोरगी भेटेल. आणखी काय हवं?"

"मला काय हवं होतं ते तुला ठाऊक आहे."

त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "नको वाटत असेल तर नको जाऊ या."

दोन दिवस ती ताटावर नुसती बसून राहत होती. मग तिने होकार कळवला, आणि मलमपट्टीच्या खोलीत जाऊन एका म्हाताऱ्याच्या टाचेची जखम धुवायला घेतली.

"आज गप्प गप्प का, सिस्टर?" त्याने विचारलं.

"पाय हलवू नका, बाबा," ती म्हणाली.