दिवाळीतले व्होल्टेज

पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी सुरतेतल्या बमरोलीच्या घरी सलग नऊ दिवस मीटर लावून विजेचा दाब मोजला. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी आठ. पांडेसऱ्याच्या प्रोसेसिंग मिलमध्ये मी रंगांचे नमुने तपासायचो, त्यामुळे आकडे लिहून ठेवायची सवय हाडात भिनलेली. वहीत सत्तावीस नोंदी झाल्या. सर्वांत कमी २२६ व्होल्ट, सर्वांत जास्त २३३.

हे कशासाठी, तर नव्या साऊंड सिस्टमसाठी. ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन लाकडी स्पीकर मी एकेक करून जमवले होते. मला संगीतातले फार कळत नाही. पण पत्नी स्टोव्ह पेटवताना रेडिओ लावायची आणि झोपतानाच बंद करायची. एकवीस वर्षे मी कामावरून आलो तो आवाजाच्या घरात. आता कुलूप उघडले की आधी स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. धुळ्याला दिलेली मुलगी म्हणत होती, "बाबा, घर विका आणि इकडे या." मी तिला सांगितले होते, "होळीपर्यंत एकटा राहून बघतो. नाहीच जमलं तर येतो."

नोंदी पाहून मी निष्कर्ष काढला की वीज उत्तम आहे, स्टॅबिलायझरची गरज नाही. एक साधा स्पाइक गार्ड घेतला.

लाभपाचमीनंतर गल्लीतली माणसे खानदेशातून परतली, आजूबाजूचे यंत्रमाग, म्हणजे लूम, सुरू झाले, आणि माझ्या घरातला विजेचा दाब १७८ वर आला. ॲम्प्लिफायरचा दिवा मिणमिणायचा, आवाज घोगरा व्हायचा. चार दिवसांनी संध्याकाळी सात वाजता पाळी बदलताना आजूबाजूचे लूम एकदम थांबले आणि मीटरचा काटा २५८ वर उडाला. ॲम्प्लिफायरमधून फट् असा आवाज आला आणि सगळे बंद. त्या दिवशी मी भात उभ्यानेच खाल्ला.

दुरुस्तीच्या दुकानदाराने ॲम्प्लिफायर उघडला. मी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने तारखा पाहिल्या आणि हसूच लागला.

"काका, दिवाळीमां तो बधे लाइट सारी ज होय ने! सगळे लूम बंद, सगळी मिल बंद, मग लाइट चांगलीच असणार. तुम्ही सुरतची लाइट नाही मापली, सुरतची सुट्टी मापली."

"पण सत्तावीस नोंदी आहेत," मी म्हणालो.

"सत्तावीसशे लिहा ने काका. माणूस गावाला गेला तेव्हा त्याच्या घरी जाऊन विचारायचं, भाई, या घरात भांडण होतं का? तसं झालं हे."

एकवीस वर्षे या शहरात राहून ही चूक व्हावी याचे कारण साधे होते. दर दिवाळीला आम्हीही गाडी पकडून गावी जायचो. सुरतची दिवाळी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग ॲम्प्लिफायर दुरुस्तीला ठेवून मी नीट मोजले. तीन आठवडे, पाळी बदलण्याच्या वेळा धरून, लूमच्या साप्ताहिक सुट्टीसह. १७२ ते २६१. या आकड्यांवर दुकानदाराने तीन यंत्रे एकेक करून घरी नेऊन बघायला दिली. फ्रिजला लावतात तो रिलेचा स्टॅबिलायझर दाब सांभाळायचा, पण दर वेळी ठक् करायचा आणि ते ठक् स्पीकरमधूनही यायचे. एका आलापात सात वेळा ठक् मोजले. दुसरे यंत्र, सीव्हीटी, दाब अगदी स्थिर द्यायचे, पण स्वतःच घूं घूं करत बसायचे. हळू गाणे लावले की गाण्यापेक्षा तेच जास्त ऐकू यायचे. तिसरा सर्व्हो स्टॅबिलायझर. आत छोटी मोटर असते, दाब बदलला की ती कॉइलवरचा ब्रश सरकवते. स्पीकरमध्ये काही येत नाही. खोक्यातून फक्त बारीक घर्रर्र, तेही क्षणभर. मी तोच ठेवला. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरून वेगळे अर्थिंगही करून घेतले. दुरुस्त होऊन आलेल्या ॲम्प्लिफायरची बारीक गुणगुणही थांबली.

या खोक्यावर दोन डायल होते. आत जाणारा दाब एकावर, बाहेर पडणारा दुसऱ्यावर. बाहेरचा २३० वर खिळलेला. मी बघायचो तो पहिला. सातला काटा उडायचा, म्हणजे पाळी सुटली. दहा मिनिटांत खाली यायचा, म्हणजे रात्रपाळीची माणसे लूमवर उभी राहिली. मागे बारीक घर्रर्र. स्वयंपाक करताना मी पत्नीला सांगावे तसे मोठ्याने म्हणायचो, "आले गं सगळे कामावर." उत्तर येत नव्हते, ते येणारही नव्हते. पण घरात बोलण्यासारखे काही होते.

होळीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडे मुलीचा फोन आला.

"जेवन व्हयनं का बाबा?"

"झालं. पिठलं केलं."

"खरं सांगा. करमतं का?"

"नाही करमत," मी म्हणालो. "पण जमतं. घर विकत नाही."

तिने एवढेच विचारले, "दिवाळीला तरी याल ना?"

पुढच्या दिवाळीला सुट्टीसाठी मिल बंद झाली त्या संध्याकाळी मी गाणे लावले. आवाज इतका स्वच्छ कधीच नव्हता. दोन्ही काटे २३० वर. खोक्यातून काहीच आवाज नाही. गल्लीत सगळ्या दारांना कुलपे. मी कॅसेटची एक बाजू पूर्ण ऐकली, काटा एकदाही हलला नाही. मग सगळी बटणे बंद केली, पिशवी भरली आणि सकाळच्या गाडीने धुळ्याला गेलो.

लाभपाचमी उलटल्यावर परतलो, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. कुलूप काढले, खोका चालू केला, आणि चपला पायात तशाच ठेवून काटा खाली यायची वाट बघत उभा राहिलो.