बाईंची फणी

आमच्या पाथर्डीकडच्या गावात बाई नगरहून आल्या, त्या बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. ट्रंकेत काय काय आणलं होतं देव जाणे, पण आम्हाला दिसली ती एक लाकडी फणी आणि खोबरेलाची बाटली. मधल्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर बसून बाई रोज एका मुलीची वेणी घालायच्या, एखाद्या मुलाची नखं कापायच्या. पोर कुठल्या आळीतलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्या काळात हे सोपं नव्हतं हो! गावात कुजबुज झाली, बाईंनी ती ऐकली आणि विंचरणं चालूच ठेवलं.

माझा नंबर आला त्या दिवशी मी बाभळीमागं लपले. डोक्यात उवांचा बाजार भरलेला! बाईंनी हाताला धरून आणलं, पुढ्यात बसवलं आणि उवांबद्दल चकार शब्द काढला नाही. इकडचं तिकडचं विचारत राहिल्या. तोंड समोर नसलं की पोर खरं बोलतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. मीही बोलून गेले, की दसरा झाला की आईवडील ऊसतोडीला निघणार आणि धाकट्याला सांभाळायला मला नेणार. माझी चौथी सुटणार. एवढं सांगताना रडूच फुटलं. बाईंनी वेणी पुरी केली आणि संध्याकाळी घरी येते म्हणाल्या.

आणि आल्या की! वडील बैलांना घेऊन खुरांना पत्री ठोकायला गेलेले, आई चुलीपुढं. माझी आई महाफटकळ. बाईंनी तोंड उघडायच्या आतच तिनं सुरू केलं. पोरगी नाही आली तर धाकट्याकडं कोण बघणार, तो गाडीखाली गेला तर तुम्ही भरून देणार का, आणि शिकून ही काय कलेक्टर होणार हाय? मी भिंतीला चिकटून ऐकत होते. आता बाई शिक्षणाचं महत्त्व सांगणार आणि आई त्यांना वाटेला लावणार, मेलं आपलं नशीब, असं मला वाटलं.

बाईंनी वाद घातलाच नाही. पिशवीतून फणी काढून म्हणाल्या, "तुमचे केस विंचरून देऊ का?"

आई नको नको म्हणाली, पण बसली. केसांच्या नुसत्या जटा झालेल्या. बाई सावकाश एकेक गुंता सोडवत होत्या. बऱ्याच वेळानं आई हळू बोलली, "माजी आय मेल्यापास्नं माज्या डोक्याला कुनी हात लावला न्हाई, बाई."

तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी उठलं नाही.

हिला माझ्या खोलीवर ठेवते, असं बाई म्हणाल्या तेव्हा आईनं फक्त मान हलवली. धाकट्याला तिनं पाठीशी बांधून न्यायचं ठरवलं. वडिलांची समजूतही तिनंच काढली, म्हणजे त्यांना बोलूच दिलं नाही.

पुढं मी स्वतः शिक्षिका झाले. विद्यार्थ्यांशी नातं कसं जोडावं यावर साहेबांची भाषणं ऐकत जांभया दिल्या. बाईंची सर कुणाला येणार!

त्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या परतल्या. आई घरी न जाता थेट शाळेत आली, उन्हानं रापलेली, केसांत उसाचं पाचट. मधली सुट्टी चालू होती. ती मला जवळ घेईल म्हणून मी धावले, तर ही बया पोरींमध्ये जाऊन बसली आणि बाईंना विचारते, "माजा नंबर कवा?"

बाई हसल्या. फणी माझ्या हातात दिली आणि बाजूला सरकल्या. मी आईच्या मागं बसले आणि आधी पाचट काढायला घेतलं.