लाभपाचमच्या आत थांबवायची गळती

भाऊबीजेला मी आईला मोटरसायकलवर मागे बसवून मामाकडे निघाले होते. बडोद्याच्या दांडिया बाजारात ऐन गर्दीत इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला, पुढून वाफ आली आणि गाडी बंद पडली. ओवाळणीचं ताट पिशवीत सांभाळत आई रिक्षात बसली आणि बसता बसता म्हणाली, "ही गाडी आता विकायची."

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या काकांना शब्द देऊनही टाकला. लाभपाचमचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या पंचमीचा मुहूर्त; गुजरातेत त्या दिवशी दुकानं पुन्हा उघडतात. तोवर गाडी धड झाली तर ठेव, नाहीतर सकाळी किल्ली त्यांच्या हातात. हे ती मला पोळ्या लाटता लाटता सांगत होती. शहराबाहेर बाजव्याला नोकरीला लागल्यावर स्वतःच्या कमाईतून घेतलेली माझी पहिली वस्तू अशी परस्पर निकालात निघाली.

बरं, गॅरेजला न्यावी तर बडोद्यात दिवाळीत कोण गॅरेज उघडतो? आमच्या मिस्त्रीला फोन केला. तो कुठल्याशा देवाच्या दर्शनाला गेला होता. "हवे लाभपाचमे, बेन," म्हणाला. म्हणजे ज्या सकाळी गाडी जाणार, त्याच सकाळी दुरुस्ती सुरू होणार. मी पान्याचा डबा काढला. तोवर मी या गाडीला फडक्याखेरीज कशानं हात लावला नव्हता.

इंजिन थंड करणारं हिरवं पाणी, कूलंट, कुठून तरी गळत होतं, एवढं मला कळत होतं. कुठून, ते कळेना. शेवटी दारातली उरलेली पांढरी रांगोळी आणून गाडीखाली पसरली. थोड्या वेळानं रांगोळीवर हिरवा ठिपका उमटला. त्याच्या नेमकी वर एका पाइपावरची क्लॅम्पची पट्टी होती. ती मी जीव खाऊन आवळली, बोटं सोलून घेतली आणि हात धुऊन चहा प्यायले. परत येऊन बघते तर ठिपका पसरून थाळीएवढा झालेला. गळत होतं वर. पाणी गाडीच्या सांगाड्याच्या दांड्यावरून ओघळत येऊन तिथं टपकत होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी माझी गत.

काका सारखे खाली येऊन गाडीभोवती फिरत. भावी मालकच ते. "बेटा, अंदर थोडी हळदर नाखी दे, लीकेज बंध थई जशे," ते म्हणाले. त्यांचं वाक्य संपायच्या आत आई वरून हळदीचा डबा घेऊन आली.

"आई, ती वरणात घाल."

"मोठी माणसं सांगतात तर ऐकावं जरा."

"त्यांना गाडी हवीये, म्हणून सांगतात."

आई पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसली. बोल्ट काढला की "हरवशील", खाली वाकले की "कंबर धरेल". माझ्या अगदी नाकी नऊ आले होते.

रेडिएटरच्या बाजूचं प्लास्टिक मोठ्या मुश्किलीनं निघालं आणि आत दिसलं काय, तर रबरी पाइपाला टोकाशी बारीक तारेचा वेढा. तार रबरात रुतली होती आणि तिच्या कडेनं हिरवं पाणी झिरपत होतं. तारेत झेंडूची एक वाळलेली पाकळीही अडकली होती. दसऱ्याला गाडीची पूजा आईनंच केली होती आणि झेंडूची माळ फटीतून तार घालून आतल्या पाइपाला बांधली होती. वाळलेली माळ नंतर मी ओढून काढली, पण तार आत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती तार तोडून तिच्यासमोर धरली.

"गाडीत खोट नाही. हे तुझं काम आहे. माळ दोऱ्यानं बांधता येत नव्हती?"

आईनं तार हातात घेतली. 

"दोरा सुटला असता तर माळ चाकात गेली असती," ती म्हणाली. "तू रोज त्या हायवेनं जातेस."

राग गेला नाही. मी पाइपाचं फाटलेलं टोक ब्लेडनं कापलं, उरलेला ओढून बसवला, पट्टी आवळली. पेट्रोल पंपावरून आणलेलं कूलंट भरलं. गाडी चालू करून ठेवली आणि दोघी खाली बघत बसलो. रांगोळी पांढरीच राहिली.

"मग पुढच्या दसऱ्याला कुठं बांधायची, ते दाखव," आई म्हणाली.

मी हँडल दाखवलं. तिनं ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, आणि जिन्याशी उभ्या असलेल्या काकांना सौदा मोडत म्हणाली, "ना भाई, गाडी नथी वेचवानी."