डब्यावरचा आकडा

लेक संध्याकाळी बँकेतून येते. खाली पार्किंगमध्ये गाडी लागते, दिवे विझतात, पण इंजिन बंद होत नाही. मिनिटभर ते तसंच चालू राहतं. मी तेव्हा बहुतेक गॅलरीत वाळलेले कपडे काढत असते. ते मिनिट सुरू झालं की माझे हात थांबतात. गाडीत लेक बसली आहे हे मला ठाऊक असतं, तरी वाटतं की हे बसलेत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, मान थोडी खाली घालून, गाडीची माफी मागत.

यांना जाऊन दोन वर्षं झाली. बेळगावच्या टिळकवाडीतल्या या इमारतीत मी कुणाशी फारसं बोलत नाही, लेकीशीसुद्धा बेताचंच. म्हणून तिने दिलेल्या बँकेच्या डायरीत हे लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंतची. चुका असतील.

आम्ही आधी निपाणीत राहायचो. मी घरी विड्या वळायची आणि यांची दहा माणसं बसतील अशी डिझेलची गाडी होती. सकाळी नोकरीची माणसं बेळगावला न्यायची, संध्याकाळी परत आणायची. गाडीला टर्बो होता आणि यांना त्याचं फार कौतुक. जेवताना मला समजावून सांगायचे. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं लहानसं चाक. ते डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने फिरतं आणि त्याचा दांडा नुसत्या ऑइलच्या पदरावर तरंगत असतो. ऑइल पातळ असलं तर सकाळी गार इंजिन सुरू केल्याबरोबर तिथवर पोचतं. जाड असलं की वाटेत रेंगाळतं आणि तेवढा वेळ दांडा कोरडा फिरतो. डब्यावर दोन आकडे असतात, मध्ये इंग्रजी डब्ल्यू. पहिला आकडा गार असतानाचा, दुसरा तापल्यावरचा. आपल्या गाडीला पंधरा आणि चाळीस. हे मला पाढ्यासारखं पाठ झालं होतं. गाडी चढाला लागली की टर्बोची बारीक शिट्टी यायची, दात मिटून कुणी श्वास ओढावा तशी. ती आली की हे माझ्याकडे बघून हसायचे.

ऑइल हे स्वतःच बदलायचे, रविवारी, घरासमोर. त्या रविवारी थंडी होती. यांनी खालचा बोल्ट काढून जुनं ऑइल लोखंडी पाटीत सोडलं आणि मग फोन आला, की बेळगावहून नवीन डबे आणणारा माणूस येत नाही. सोमवारी पहाटे गाडी निघायलाच हवी होती. यांचे हात कोपरापर्यंत काळे. मला म्हणाले, "मागचा रिकामा डबा घे आणि ट्रॅक्टरच्या दुकानात जा. त्याच्याकडं पिंपातलं सुटं मिळतं. नुसता डबा दाखव, बोलायला लागत न्हाय."

शेवटचं माझा स्वभाव ओळखून बोलले होते.

दुकानात बाकड्यावर पाच-सहा गडी बसले होते. मी पदर सावरून डबा पुढे केला. दुकानदाराने आकडा बघितला आणि म्हणाला, हे संपलंय. पंपाच्या इंजिनाचं जाड ऑइल आहे, सगळे तेच नेतात. मग पिंपाच्या तोटीवर हात ठेवून त्याने विचारलं, "आक्का, गाडीला टर्बो हाय काय?"

बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "त्यास्नी काय इचारतोस? त्यांच्या चुलीला आसंल टर्बो."

सगळे हसले. व्हय म्हटलं असतं तर अजून प्रश्न आले असते. कुठली गाडी, किती पळालीय, मालकाला पाठवा. मला तिथून निघायचं होतं. मी मान हलवली. न्हाय.

त्याने तोटी सोडून डबा भरला. डबा तोच, वरचा आकडा तोच, आत दुसरंच.

घरी गेल्याबरोबर सांगायचं असं वाटेत ठरवलं होतं. पण हे गाडीखालून बाहेर आले, डबा हातात घेतला आणि म्हणाले, "आणलंस की गं एकटीनं." त्या बोलण्याने मला इतकं बरं वाटलं की सांगायचं पुढे गेलं. यांनी ऑइल ओतलं आणि नरसाळं पुसायला माझ्याकडे दिलं. विडीच्या पानात किती ओल आहे ते माझी बोटं न बघता सांगायची. त्या बोटांना लगेच कळलं. एरवीचं ऑइल बोटांवरून घरंगळून जायचं. हे काकवीसारखं धरून बसलं. गाडी अजून सुरू झालेली नव्हती. खालचा बोल्ट काढला असता तर सगळं परत पाटीत आलं असतं. मी बोटं फडक्याला पुसली आणि फडकं चुलीत टाकलं.

पुढे रोज पहाटे गाडी सुरू व्हायची तेव्हा मी चहाच्या भांड्यापाशी उभी राहून ऐकायची. आधी काही दिवस काही नाही. मग शिट्टीत खरखर आली. यांनाही ती ऐकू येत होती, हवेची जाळी काढून झटकून बघायचे. महिना-दीड महिन्याने बेळगावच्या अलीकडे काकतीजवळ गाडीने निळा धूर सोडला आणि तिची ताकद गेली. माणसं दुसऱ्या गाडीने पुढे गेली. हे दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून होते.

मिस्त्रीने टर्बो खोलला तेव्हा दांडा जळून घट्ट बसला होता. इंजिनातलं ऑइल तोवर काळं पडलेलं, त्यातून काही कळत नव्हतं. कुठलं टाकलं होतं म्हणून त्याने विचारलं तर यांनी घरून डबाच नेऊन दाखवला. आकडा बरोबर. मग मिस्त्री म्हणाला, गाडी पळवून आणल्यावर लगेच बंद करता काय? टर्बो लालबुंद तापलेला असतो. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं आणि आहे तिथं जळून त्याचा कोळसा होतो. मिनिटभर तरी उभ्या जागी चालू ठेवायला पाहिजे. यांना कायम घाई. बेळगावात माणसं उतरली की खटकन चावी फिरवायचे.

घरी येऊन उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "माझ्या हातनं मेली गं गाडी."

मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

गाडी आहे तशी विकली. आम्ही बेळगावला आलो आणि हे एका शाळेची बस चालवायला लागले. दुसऱ्याची बस, पण प्रत्येक फेरीनंतर एक मिनिट चालू ठेवून बसायचे. पोरं म्हणायची, काका, झोप लागली काय? हे म्हणायचे, तिला दम खाऊ दे. तो रिकामा डबाही यांनी फेकला नाही. जुन्या गाडीचा विषय निघाला की फळीवरून काढून पाहुण्यांना दाखवायचे. बघा, ऑइलात कसर केली न्हवती, चूक माझी. दर दिवाळीला मी तो डबा पुसायची आणि परत ठेवायची, आकडा पुढे करून, कारण यांना तो तसाच लागायचा.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात लेकीला म्हणाले, पुढंमागं गाडी घेशील, तर आल्या-आल्या बंद करू नको, मी केली आणि मेली. मी पायापाशी थर्मास धरून बसले होते. खोलीत आम्ही तिघंच होतो. बाकड्यावर हसणारं कुणी नव्हतं.

यांच्यामागे ती शिट्टी मला नको तिथे ऐकू यायला लागली. कुकरची हवा सरत येते तेव्हा शेवटी आवाज बारीक होतो. तिथे मला काकतीचा रस्ता दिसतो. मी तिथे नव्हते, तरी कडेला बसलेले हे दिसतात.

मागच्या वर्षी लेकीने गाडी घेतली. कुणीतरी वापरलेली, लहान, पेट्रोलची. टर्बोची आहे हे मला तिने सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी चढ लागला, शिट्टी आली, आणि मी पुढची सीट धरली. तिला वाटलं मी वेगाला घाबरले.

मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी ती मला बाजाराला घेऊन निघाली आणि जाता जाता ऑइल बदलून घेऊ म्हणाली. रेल्वे गेटापलीकडे एक गॅरेज आहे. मेकॅनिकने जुनं ऑइल काढलं. लेकीला बँकेतून फोन आला म्हणून ती रस्त्यापलीकडे सावलीला गेली. मेकॅनिक पिंपापाशी गेला आणि मापात ऑइल काढून आणलं. मला म्हणाला, "आक्का, गाडी बरीच पळालीय. जाड टाकतो, आवाज बसतोय."

मी म्हटलं, थांबा. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तो माप वाकवायला लागला. लेक पाठमोरी होती. मग मी पुढे होऊन ऑइल ओतायच्या तोंडावर तळहात ठेवला.

"आक्का, हात काळा हुईल."

"होऊ दे. पिंपावर वीस आणि पन्नास लिहिलंय. गाडीच्या पुस्तकात मी बघून ठेवलंय, पाच आणि तीस. तेच टाका."

तो हसला. "मेकॅनिकल किती शिकलाय?"

"चौथी," मी म्हटलं. "आकडे येतात."

टर्बो असला तरी काही होत नाही, आपल्याकडच्या हवेत जाडच बरं, असं तो बरंच बोलत राहिला. मला सगळ्याला उत्तरं आली नाहीत. पण हात मी काढला नाही. लेक फोन संपवून आली तेव्हा आम्ही दोघं तसेच उभे होतो. तिने पुस्तक काढून दाखवलं आणि शेजारच्या दुकानातून बंद डबे आणवले. माझ्यासमोर सील फोडायला लावलं. मी थेंबभर बोटावर घेतलं. ते मनगटाकडे पळालं.

परत येताना गेट पडलं होतं. रेल्वे यायला वेळ होता. लेक अजून हसत होती. "तुला गं कसं ठाऊक हे सगळं?"

सगळ्यांनी गाड्या बंद केल्या होत्या. आमची चालू होती. मी समोर बघत तिला सांगितलं. दुकान, बाकडं, मान हलवली ते, नरसाळं, फडकं. डब्याचंही सांगितलं. तिचं हसू कधी गेलं ते मी बघितलं नाही. रेल्वे गेली, गेट उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा तिने गाडी हलवली. गिअर बदलत म्हणाली, "आप्पांना सांगायचं होतंस."

"व्हय."

"इतकी वर्षं मिनिट-मिनिट बसले ते."



पार्किंगमध्ये तिने गाडी लावली आणि हँडब्रेक ओढला. एरवी ती बसून राहते. त्या दिवशी दार उघडून उतरली. इंजिन चालूच होतं. बाहेरून वाकून तिने मला स्टिअरिंगशेजारचं, इंजिन बंद करायचं गोल बटण दाखवलं. "आज तू बस. मिनिट झालं की हे दाब आणि ये." ती रागावली होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पिशव्या घेऊन जिन्याकडे गेली.

मी गाडीत एकटी कधी बसले नव्हते. शेजारची चालवायची जागा रिकामी, स्टिअरिंग जरा थरथरत होतं. माझ्या तळहातावर ऑइलचा काळा गोल होता. मी शाळेत मोजायची तसे अंक मोजायला लागले. वीस झाले, तीस झाले. चाळिसाच्या पुढे मला तो दुकानदार तोटीवर हात ठेवून थांबलेला दिसला. इतकी वर्षं तो तसाच उभा आहे.

रिकाम्या जागेकडे बघून मी म्हटलं, "व्हय. टर्बो हाय."

मग साठापर्यंत मोजलं आणि बटण दाबलं.