पत्रा स्वच्छ आहे

सोमेया तोकुजी हे नाव आमच्या चोशी बंदराच्या बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. आता चोशीतही फारसं कुणी काढत नाही, आणि त्याला मी जबाबदार आहे. एवढं कबूल करायला मला पंचवीस वर्षं लागली, त्यामुळे आता सजवून सांगत बसत नाही.

हानावांच्या गॅरेजात ते रंगारी होते. मी पत्र्याचं काम करायचो. मी चोवीसचा, ते पन्नाशी ओलांडलेले. रंग मारायच्या दिवशी त्यांचं एक सोवळंच असायचं म्हणा ना. सकाळी फरशी पाण्याने धुवायची, म्हणजे धूळ बसते. दुपारी तळलेलं काही खायचं नाही, बोटांना तेल लागतं. मग थिनरच्या फडक्याने पत्रा तीनदा पुसायचा आणि तिसऱ्यांदा पुसताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. रंग जुळवायचे तो डोळ्यांनी. चमच्याच्या पाठीवर थेंब पसरायचे, दारातल्या उन्हात धरायचे, मान हलवायचे, पुन्हा दोन थेंब काळा. कंपनीच्या डब्यातला रंग आणि दहा वर्षं समुद्राचा वारा खाल्लेला रंग यांत काय फरक असतो ते त्या माणसाला कळायचं.

माझी टिंगल मात्र रोज. "नेगिशी, हातोडी मारतोयस की मोचीचा भात कुटतोयस?" असं विचारायचे आणि स्वतःच हसायचे. मला राग यायचा, कारण खरंच मला पत्रा नीट ठोकता येत नव्हता. आणि पातळ पत्र्याचं वेल्डिंग तर अजिबातच येत नव्हतं. मालकांना मात्र नोकरी धरताना छातीठोक सांगितलं होतं, येतं म्हणून.

त्या वर्षाच्या शेवटी उसामींची गाडी आली. मासे डबाबंद करायच्या कारखान्यात मॅनेजर होते ते. गाडी जुनी, दोन दारांची, लांब नाकाची स्पोर्ट्स कार, रंग भाजलेल्या विटेसारखा. मागच्या डाव्या चाकाची कमान गंजाने खाल्ली होती. काम सरळ होतं: गंजलेला भाग कापायचा, नवा पत्रा जोडायचा, मग सोमेया-सान रंग मारतील. मी वेल्डिंगला बसलो आणि भोक पडलं. ते बुजवायला गेलो तर शेजारी दुसरं पडलं. दुपारपर्यंत कमानीची चाळण झाली. मालक बाहेरगावी गेले होते. त्यांची मुलगी कायोको हिशेबाच्या टेबलाशी बसून माझ्याकडे बघून हसत होती, आणि तिच्यासमोर "मला येत नाही" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी भोकांत तारेची जाळी कोंबली, वरून अंगठाभर पुट्टी थापली, घासून गुळगुळीत केली. पातळ हात सगळेच मारतात, खाली थर किती आहे ते वरून कळत नाही. दिसायला झकास. सोमेया-सानांनी हात फिरवला आणि म्हणाले, "अरे वा, शिकलास की!"

शपथेवर सांगतो, त्या 'अरे वा'ने मला जेवढं टोचलं तेवढं पुढे कशानेच टोचलं नाही.

आठ महिन्यांनी उसामी गाडी घेऊन आले. कमानीवर फोड उठले होते. मागून ओल शिरली, गंज चढला, रंग उचलला गेला, दुसरं काय होणार! पण वरून बघणाऱ्याला ते रंगाचंच पाप वाटतं. पत्रा नीट पुसला नाही, तेलकट बोट लागलं, दमट हवेत रंग मारला, असं काहीतरी. मालकांनी मला सांगितलं, "उघडून बघ." मी घासलं, खाली काय आहे ते पाहिलं, आणि मालक मागे येऊन उभे आहेत हे कळताच त्यावर फडकं टाकलं.

"पत्रा कसा आहे?"

"स्वच्छ आहे," मी म्हणालो.

एवढंच. सोमेया-सान तिथेच होते. त्यांनी टोपी काढली, उसामींसमोर कंबरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. वर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. "मी पुसलं होतं असं मला वाटत होतं," ते म्हणाले. भांडले नाहीत, शंका घेतली नाही. मी ते फडकं कमानीवर तसंच दाबून धरलं. महिन्याभरात त्यांनी स्वतःच नोकरी सोडली. मी ती कमान पुन्हा झाकली, या वेळी फायबरचं कापड लावून जरा हुशारीने, आणि नव्या रंगाऱ्याने वरून हात मारला. गाडी पुढे उसामींच्या कोरड्या शेडमध्ये पडून राहिली, म्हणून तेवढी टिकली.

सोमेया-सान बंदरावर मासळीची खोकी धुवायला लागले. चोशी लहान गाव. ज्याने मारलेला रंग उचलला जातो त्याला कोण बोलावणार? आणि पुढे पुढे तर बोलावलं तरी ते जात नसत. त्यांची बायको फुमी एकदा बाजारात कायोकोला म्हणाली होती, "अहो, ते रोज त्या दिवसाची उजळणी करतात. सकाळी काय खाल्लं, फडकं कुठलं होतं, तिसऱ्यांदा पुसलं की दोनदाच. मी म्हणते, पुसलंच असणार तुम्ही. ऐकत नाहीत." कायोकोने हे मला जेवताना सांगितलं. तोवर आमचं लग्न झालं होतं. मी म्हणालो, लोणचं दे. फुमी गेली त्यालाही आता सहा वर्षं झाली.

मालक गेल्यावर गॅरेज माझ्याकडे आलं. वेल्डिंगही शिकलो, उशिरा का होईना. जुन्या गाड्यांना रुंद मडगार्डं बसवण्यात माझं बरं नाव झालं. आणि गेल्या वसंतात उसामींची पुतणी तीच गाडी घेऊन दारात उभी! दातांची डॉक्टर, चाळिशीची, बोलायला एकदम फटकळ.

"काकांना आयुष्यभर रुंद चाकं हवी होती, काकूने लावू दिली नाहीत. आता दोघंही नाहीत. लावून टाका. आणि रंग सोमेयांकडून. काका म्हणायचे, फोड आले ते आले, पण रंग असा जुळला होता की जोड सापडत नव्हता."

रुंद मडगार्ड बसवायचं म्हणजे चाकाची जुनी कमान कापावी लागते, नाहीतर रुंद टायर आत मावतच नाही. म्हणजे ती कमान मला कापायची होती. तीही सोमेया-सानांसमोर.

मला वाटलं ते येणार नाहीत. आले. शहात्तर वर्षांचे, सायकलवरून, डबा बांधून. "रंग जुळवून देतो," म्हणाले, "मारणार नाही. माझा हात खराब आहे, तुला माहीतच आहे." मी मान डोलावली. डोलावली हो मी मान!

आमच्याकडे मालकांच्या वेळचा एक नियम आहे. जुनी गाडी कापायची तर कापायच्या रेषेची चिकटपट्टी गाडीवाल्याने स्वतःच्या हाताने लावायची, सगळ्यांसमोर, कारण कापलेलं परत येत नाही. त्यामुळे गुपचूप उरकायची सोय नव्हती. मग मी नाही नाही त्या पळवाटा काढल्या.

"डॉक्टर, कापायला नकोच. वरूनच बसवू, रिव्हेट मारू, झालं."

"आणि चाकं काय हवेत फिरणार?"

सोमेया-सान कोपऱ्यातून म्हणाले, "पहिल्या खड्ड्यात टायर पत्र्याला घासेल. नेगिशी, हे तू मला सांगायचं की मी तुला?"

मग मी उजवी बाजू आधी घेतली. मुद्दाम दोन दिवस लावले. फायबरची मडगार्डं कधी डावी-उजवी सारखी नसतात, घासून घासून बसवावी लागतात, तेवढं तरी खरं निमित्त होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरने डाव्या बाजूची पट्टी लावली. मी म्हणालो, "सोमेया-सान, तुम्ही जेवून या ना."

"डबा आणलाय. आणि आत्ता तर कुठे साडेदहा वाजलेत."

ग्राइंडर लावला. पत्रा कापताना ठिणग्या उडतात, सगळ्या गॅरेजभर. दोन वीत गेलो आणि ठिणग्या थांबल्या. पांढुरकी भुकटी उडायला लागली, पत्र्याची नव्हे, पुट्टीची. रंगाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ते उठून आले, माझ्या खांद्याला हात लावून मला बाजूला केलं. तेवढ्यात थापलेला गोळाच निखळून खाली पडला, आतली जाळी गंजून मातीसारखी झालेली.

त्यांनी तो गोळा उचलला आणि उन्हात, दाराशी नेऊन धरला. तुटलेल्या कडेवर थर स्पष्ट दिसत होते. खाली जुनी पुट्टी, वर फायबर आणि नवी पुट्टी, आणि दोन्हींच्या मधोमध केसाएवढी विटकरी रेघ. ती त्यांच्या रंगाची होती. म्हणजे एवढी जाड पुट्टी त्यांनी रंग मारण्याआधीपासून होती, आणि नंतर कुणीतरी उघडून, बघून, पुन्हा झाकली होती. हे दोन्ही कुणी केलं, हे विचारायची गरजच नव्हती.

"म्हणजे मी पुसलं होतं," सोमेया-सान म्हणाले.

मी वाट बघत होतो की आता हा गोळा माझ्या टाळक्यात बसणार. पण ते हसत होते! म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. "पुसलं होतं मी. तीनदा पुसलं होतं. फुमी म्हणत होती की." मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या हसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय झालं?" डॉक्टरने विचारलं.

आणि बघा माझी लायकी. मी म्हणालो, "काही नाही, गंज जुना आहे."

सोमेया-सानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गोळा फडक्यात गुंडाळला, सायकलच्या बास्केटात ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आवाज कोरडा. "नेगिशी, काल मला आनंद झाला होता. आज होत नाहीये. फुमी सहा वर्षांपूर्वी वारली, तोवर रोज तेच सांगत राहिली, आणि मी रोज तिला गप्प बसवलं. हे तुझ्यामुळे."

मी खुर्चीतून उठून फोनपुढेच वाकलो. "सोमेया-सान, मी..."

"थांब. मला तुझं रडगाणं नकोय. गाडीला रंग मी मारणार. मी मारेन तेव्हा तू गॅरेजात दिसायचं नाहीस, मागे तू उभा असलास तर मला सहन होणार नाही. आणि जो कुणी विचारेल त्याला खरं सांगायचं. कुणी विचारलं नाही तर ओरडत फिरू नकोस, मला तमाशा नकोय."

त्याच दिवशी डॉक्टरला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "किडलेल्या दाताला वरून चांदी भरून पाठवणारे आमच्यातही असतात. त्यांना मी डॉक्टर म्हणत नाही." गाडी मात्र काढून नेली नाही. म्हणाली, या वेळी आत काय केलंत ते बंद करायच्या आधी मला दाखवायचं.

कायोकोला सांगणं सगळ्यात जड गेलं. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवली. "बाबांच्या अंत्यविधीला ते फाटकाबाहेर उभे होते. आत बोलावू का, म्हणून मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, राहू दे, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल." मला हे आठवतही नव्हतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही.

कमान मी मुळापासून केली. सगळा गंज कापला, नवा पत्रा जोडला, आतला पत्रा बाहेर वळवून, वेल्डिंगचे चार ठिपके देऊन तासाभरात मोकळं होता आलं असतं तिथे दोन दिवस घेतले. भोक एकही पडलं नाही. डॉक्टरने आत विजेरी मारून पाहिलं. सोमेया-सानांनी तर लोहचुंबक आणलं होतं, पुट्टीवर ते चिकटत नाही, ते इंचाइंचावर लावून पाहिलं, मग मडगार्डं बसवू दिली. माझं काम आजवर कुणी असं तपासलं नव्हतं, आणि मी मान खाली घालून उभा होतो.

रंगाच्या दिवशी त्यांनी फरशी धुतली आणि मला दार दाखवलं. मी माझ्याच गॅरेजबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. आतून कॉम्प्रेसर सुरू झाला. मग स्प्रे गनचा आवाज, आधी तुटक, नंतर एका लयीत.

कोपऱ्यावरच्या इशिगेबाई कोबीची पिशवी घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या, सगळ्या गावाची खबर ठेवणाऱ्या. "काय हो नेगिशी-सान, बायकोने बाहेर काढलं की काय?"

मला 'हो' म्हणून हसता आलं असतं. जीभ तशी वळलीही होती.

"सोमेया-सान आत रंग मारतायत," मी म्हणालो. "त्यांना मी नजरेसमोर नकोय. पंचवीस वर्षांपूर्वी रंग उचलला गेला होता ना, ती त्यांची चूक नव्हती. माझी होती. मी मालकांशी खोटं बोललो."

बाईंचं हसू मावळलं. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी होडी रंगवायला त्यांना बोलावलं होतं. मीच नको म्हटलं. दारात आलेल्या माणसाला मी परत पाठवलं हो."

त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली. गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं, आतून त्यांना कुणी बघू शकत नव्हतं. तरी त्या शटरकडे तोंड करून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकल्या, जेवढं त्या वयात वाकता येतं तेवढं. मग पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता घरी गेल्या.