भिंतीवरचा देश आणि तिसगावचा पलंग

ऑफिस बंद झालं की खुर्च्या-टेबलं सरकार परत नेतं. किस्से मात्र मागे राहतात, कारण त्यांच्यावर नंबर रंगवलेला नसतो! नगरच्या आमच्या ऑफिसचे असेच माझ्याकडे राहिलेत.

ऑफिस म्हणजे तीन माणसं. पाठक सर प्रमुख. सोनवणे कारकून, टायपिस्ट आणि शिपाईही. आणि मी, बी.ए. झालेली, पंख्याचं बटण दाबतानाही डोळे मिटून घेणारी. नव्या तंत्रावर कोणता देश किती खर्च करतो ते मांडायचं, आणि त्याच्याशेजारी आपला जिल्हा मोजून बसवायचा, हे आमचं काम. मंजुरी एकेका वर्षाची. बाबांनी बजावलं होतं, "ऑफिस आहे तोवर नोकरी. मग मुकाट्याने स्थळं बघायची."

*

सरांनी भिंतीवर एकेका देशाच्या खर्चाची कागदी पट्टी चिकटवली. अमेरिकेची छताला टेकून पुढे वळली. आपली? टिकलीएवढी!

"सोनवणे, ही भिंत का झाडत नाही तुम्ही?"

"भ्या वाटतं सर. फडक्याबरोबर देश जायचा!"

सर खूप हसले. मग बराच वेळ त्या टिकलीकडे बघत बसले.

*

संगमनेरकडच्या एका साखर कारखान्यात हिशेबनीसांनी नव्या बॉयलरच्या खर्चात पूजेचे नारळ धरले होते.

"हे तंत्रज्ञानात येत नाही हो," सर म्हणाले.

"मग नारळ न फोडता तुम्हीच पेटवून दाखवा!"

परतताना एस.टी.त सर एकदम म्हणाले, "कुमुद, जपानी लोकही नारळासारखं काहीतरी करत असतीलच की. तो खर्च ते कुठे लिहितात?"

मला हसू आलं. सर गंभीर होते.

*

तिसगावच्या आसाराम मिस्त्रींनी खडकाळ रानातही चालेल अशी पेरणीची पाभर बनवली होती. सरांनी खर्च विचारला. मिस्त्री लाजले. बायको पुढे झाली, गयाबाई.

"लिवा, लोखंडी पलंग एक! माझ्या बापानं दिल्ता. त्याच्या पट्ट्या काढून ह्यांनी ही पाभर केली. आता आमी भुईवर!"

तेवढ्यात मिस्त्रींनी घण घातला आणि माझा चहा माझ्याच पदरावर सांडला.

"अवं बाई, घण लोखंडावर पडतोय, तुमच्यावर न्हाई!" गयाबाई म्हणाल्या.

सरांनी मात्र नीट लिहून घेतलं, 'भांडवली खर्च, पलंग एक.' गयाबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.

*

दुष्काळाच्या वर्षी जामखेडकडे, परदेशातून देणगी आलेलं बोअरचं यंत्र बघायला गेलो. पाणी उसळलं तशी सगळी माणसं यंत्राकडे धावली. मी उलटी, थेट जीपमागे!

बाहेर येऊन बघते, तर सर आणि ओव्हरसियर हुज्जत घालताहेत. हा खर्च देणाऱ्या देशाच्या पट्टीत, की घेणाऱ्याच्या? दोघांच्याही धरला तर एकच यंत्र दोनदा मोजलं जायचं!

एका म्हातारीने सरांच्या हातात घागर दिली. "आदी ही धरा. मंग भांडा."

*

मग सरांना वाटू लागलं, की सगळं डॉलरच्या भावाने मोजणंच चूक. तिकडच्या एका इंजिनियरच्या पगारात इकडे किती इंजिनियर राबतात! त्या हिशेबाने त्यांनी आपली पट्टी नव्याने कापली. टिकलीची चांगली वीतभर झाली. सोनवण्यांनी पेढे आणले.

मुदतवाढ द्यायची की नाही ते ठरवायला मुंबईचे साहेब आले. पट्टी बघून म्हणाले, "देश एवढा वाढलेला दाखवलात, तर वर पैसे कोणत्या तोंडाने मागायचे? जुनी लावा. मी शिफारस करतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांची अट त्यांना ठाऊक होती. मी डोळे मिटून घेतले.

"सर, नवीच... नवीच बरोबर आहे."

"घाबरून पन खरं बोलता येतं व्हय, ताई!" सोनवणे नंतर म्हणाले.

मुदतवाढ आली नाही. अजून कुठे वीतभर कागद दिसला तरी जीव हळहळतो.

*

सामान न्यायला ट्रक आला, त्या दिवशी बाबाही मला न्यायला आले. जिन्यातच उभे होते. एवढ्यात खाली बैलगाडी थांबली. गयाबाई वर आल्या, मागे अवघडलेले मिस्त्री.

"सायेब, पलंग न्यायला आलोय."

"कोणता पलंग?"

"तुमीच लिवला की! सरकारनं लिवून घेतलं म्हंजी भरून देनारच!"

मिस्त्री पुटपुटले, "मी म्हनलं हुतं हिला, असं काय मिळत नस्तं. चल घरी."

सरांनी त्या दोघांकडे पाहिलं. मग भिंतीकडे. आम्ही तिघं ज्यावर बसून डबा खायचो, त्या लांब लाकडी बाकाचं एक टोक त्यांनी स्वतः उचललं. ट्रकवाले बघतच राहिले. दुसरं टोक धरायला जिन्यातून बाबा पुढे आले.

सोनवणे मागून ओरडले, "सर, यादीत बाक कमी पडंल! काय लिवू?"

बैलगाडीकडे जिना उतरता उतरता सर म्हणाले, "लिहा, नव्या तंत्रावर जिल्ह्याचा खर्च. बाक एक."