दामोदरचं न वाचायचं चित्र

दामोदर गेल्याची बातमी मला कळसाडीत मिळाली. शाळेला सुट्टी होती म्हणून मी बहिणीकडे गेलो होतो. तापीकाठच्या प्रकाशा गावाकडून गुळाची गाडी घेऊन आलेला एक ओळखीचा गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, "मास्तर, तुमना तो चित्र काढणारा दोस्त गया. पटकीनं." कॉलऱ्याने गेला, एवढं सांगून तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. मी ओट्यावर तसाच बसून राहिलो. बहिणीने विचारलं, कोण गेलं? मी नाव सांगितलं. रडू येईना. त्या क्षणी आला तो नुसता राग. आज दीड-दोन महिने झाले, तो अजून उतरलेला नाही. म्हणूनच हे लिहितो आहे. ज्यांना शांत, सात्त्विक श्रद्धांजली वाचायची असेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

दामोदर कोरीटचा. घरची तापीकाठची बरी शेती, वडील कडक. नंदुरबारच्या हायस्कुलात आम्ही एका बाकावर बसायचो. दोघांनाही ड्रॉइंगचा तास आवडायचा, पण मला आवडायचा तो गणित नसायचं म्हणून. आमचे ड्रॉइंग मास्तर पुण्याकडचे. त्यांचा कुणी नातेवाईक मुंबईत छापखान्यात होता आणि तो त्यांना परदेशी मासिकांतली सुटी पानं पाठवायचा. एके दिवशी मास्तरांनी तो गठ्ठा टेबलावर पसरला. तोवर आमची चित्रकला म्हणजे घडा, फुलदाणी, फार तर पोपट. त्या पानांवर भलतंच काही होतं. एका जर्मन जाहिरातीत काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक बूट आणि खाली एक शब्द, बाकी काही नाही. एका इंग्रजी रेल्वेच्या चित्रात समुद्र तीन सपाट रंगांत संपवला होता, तरी वारा लागत होता... आम्ही बावचळलो. मास्तर म्हणाले, ही चित्रं दिवाणखान्यात टांगायची नाहीत, रस्त्याने घाईत चाललेल्या माणसाला थांबवायची आहेत. ती करणाऱ्यांची नावं त्यांनी वाचून दाखवली. आम्ही त्यांची भलतीच देवनागरी केली, पण दामोदरला ती आरतीसारखी पाठ झाली. त्या दिवसापासून त्याचं पोपटावरचं मन उडालं.

पुढे वडिलांशी भांडून तो मुंबईला गेला, चित्रशाळेत जाहिरातीची कला शिकला, एका कचेरीत साबणाची आणि केसांच्या तेलाची चित्रं काढू लागला. त्याचं बरं चाललं होतं. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा परत आला आणि इथलाच झाला. गावाला वाटलं, आता हा दत्तगुरूंच्या तसबिरी रंगवील. त्याने हायस्कुलातली एक खोली मागून घेतली आणि रविवारी शिकाऊ मुलामुलींचा वर्ग सुरू केला. तो साधाभोळा, गोड माणूस होता असं त्याच्या शोकसभेत कुणी तरी म्हणालं. खोटं आहे ते. दामोदर तिरसट होता. बाजारातून जाताना दुकानाच्या पाटीसमोर उभा राहून मालकाला ऐकवायचा, की तुमची अक्षरं एकमेकांच्या उरावर बसली आहेत, गिऱ्हाइकाने तुमचं नाव वाचायचं की सोडवायचं? लोक त्याला टाळायचे. मीही कधी कधी टाळत असे.

पण वर्गात तो वेगळा असायचा. मुलांना पहिल्याच दिवशी तो ती परदेशी पानं दाखवायचा. मास्तरांनी निवृत्त होताना गठ्ठा त्यालाच दिला होता. मुलं भारावली की म्हणायचा, हे जर्मनीतल्या माणसाने जर्मनीतल्या रस्त्यासाठी केलं, आपला रस्ता शोधा. मग त्यांना घेऊन थेट आठवड्याच्या बाजारात जायचा. मुलांनी काढलेलं चित्र तिथे कुणापुढेही धरायचं, काय दिसतं ते विचारायचं आणि तोंड मिटून ऐकायचं. समजावून सांगायची बंदी. सुशीला नावाची एक मुलगी वर्गात होती, पोस्टातल्या कारकुनाची. तिने एकदा विचारलं, समोरच्याला नाहीच कळलं तर? दामोदर म्हणाला, "मंग चित्र चुकनं. माणूस नही चुकत."

गेल्या माघात प्रकाशाच्या यात्रेआधी पटकीची बातमी आली. सुरतेकडून गाडीने येणारे लोक सांगत होते. यात्रेला सातपुड्यातून पावरा आणि भिल्ल कुटुंबं पोराबाळांसकट उतरतात, नदीकाठी राहुट्या टाकतात, नदीचंच पाणी पितात. यात्रा कमिटीने पत्रक काढायचं ठरवलं. दामोदरने आपणहून चित्राचं काम अंगावर घेतलं. पहिल्या चित्रात त्याने नदीच्या पाण्याने भरलेला पेला काढून त्यावर लाल फुली मारली आणि बाजारात लाकूड विकायला आलेल्या ठुमलीबाई नावाच्या एका पावरा बाईपुढे ते धरलं. तिने चित्र निरखलं, आपला हात पुढे केला आणि मनगटावरचं गोंदण दाखवलं. तिथेही फुलीच होती. तिला वाटलं, पेला सजवला आहे, म्हणजे पाणी चांगलं आहे. मी शरमलो, दामोदर मात्र खूश झाला. दुसऱ्या चित्रात चुलीवर हंडा होता. ती म्हणाली, भात शिजतो आहे. मग त्याने तीन चित्रं शेजारी शेजारी मांडली. लाल काठाचं लुगडं नेसलेली एक बाई नदीतून हंडा भरते, तोच हंडा चुलीवर रटरटतो, आणि त्याच हंड्यातलं पाणी तीच बाई आपल्या पोराला पाजते. अक्षर एकही नाही. ठुमलीबाईने तिन्हींवरून बोट फिरवलं आणि आपल्या भाषेत सगळी हकीकत सांगितली, पाणी उकळायला लाकूड जास्त लागेल या तक्रारीसकट.

ते चित्र घेऊन आम्ही दोघं कमिटीपुढे गेलो. अध्यक्ष वकील होते, पुस्तकं वाचणारे होते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी चित्र पाहिलं आणि हसून शेजाऱ्याकडे सरकवलं. म्हणाले, हे बालवर्गाच्या पाटीसारखं आहे, अधिकारी लोक येणार, कमिटीची शोभा राहिली पाहिजे. शिवाय यात मजकूर कुठे आहे? दामोदर म्हणाला, "तुमचा मजकूर ज्याला वाचता येतो, त्याला पटकी आधीच ठाऊक असते."  अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय घेतला. मग छापून आलं ते पत्रक... 'सर्व यात्रेकरू बंधुभगिनींस विदित करण्यात येते की' इथून सुरू होणारं, मुंगीएवढ्या अक्षरांचं, डोंगरातल्या माणसांना न येणाऱ्या भाषेतलं. ते झाडांना चिकटवलं आणि कर्तव्य संपलं.

दामोदरने भांडण वाढवलं नाही. प्रकाशात घाटाच्या वर एका विधवा शेतकरीण बाईंच्या गोठ्याची लांब भिंत होती, ती त्याने मागून घेतली. चुना, गेरू आणि काजळी. वर्गातली मोठी मुलं आणि सुशीला मदतीला गेली. तिच्या वडिलांनी परवानगी दिली याबद्दल त्यांचे पाय धरावेसे वाटतात. माणसाहून उंच तीन चित्रं भिंतीवर उभी राहिली. भिंतीखाली मुलांनी मोठी चूल मांडली, हंडे चढवले आणि येईल त्याला उकळलेलं पाणी दिलं. मी एक दिवस जाऊन पाहून आलो. लोक भिंतीपुढे थांबत होते, बायका पोरांना बोटाने दाखवत होत्या. दामोदर मागे उभा राहून नुसता ऐकत होता. मला म्हणाला, "देख, वाची ऱ्हायनात." वाचताहेत लोक, हेच त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

पटकी आली ती घाटाच्या खालच्या अंगाला, जिथे झाडांवर पत्रकं होती. किती गेले ते मी सांगत नाही, नीट मोजलं कुणी? भिंतीजवळच्या राहुट्यांतही माणसं आजारी पडली, पण पुष्कळ वाचली, हे त्या विधवा बाईंनी आणि घाटावरच्या पुजाऱ्याने मला सांगितलं. खालच्या अंगाला एक कुटुंब आडवं झालं तेव्हा जवळ जायला कुणी तयार नव्हतं. दामोदरने मुलांना घरी पाठवलं आणि स्वतः तिथे राहिला. त्यांची घाण काढली, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. त्या घरातली म्हातारी आणि नात जगली. दामोदर दोन दिवसांत गेला. नंदुरबारच्या चहाच्या दुकानात मात्र चवीने सांगितलं जातं, की चित्र काढणाराच नदीचं पाणी प्याला असेल. हे बोलणाऱ्या एकाची मी गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

मग शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी तेच वकील. ते म्हणाले, आपल्या यात्रेत एका कलावंताने कमिटीच्या कार्याला हातभार लावला. मी उठलो आणि विचारलं, कोणत्या कार्याला? कमिटीने ते चित्र नाकारलं होतं, हे मी तारखेवार नाही, पण सगळं सांगितलं. मला बसायला सांगण्यात आलं. समयसूचकता नाही म्हणाले. मी बसलो नाही, बाहेर पडलो. माझ्यामागे कोरीटहून आलेला दामोदरचा थोरला भाऊ तेवढा उठून आला. आम्ही दोघं स्टेशनपर्यंत चालत गेलो.

नंतरच्या रविवारी मी शाळेच्या त्या खोलीकडे गेलो. मुलांकडची किल्ली घेऊन शाळेला परत करायची, पानांचा गठ्ठा कपाटात नीट ठेवायचा, एवढंच मनात होतं. वर्ग बंद झाला असं मी धरूनच चाललो होतो. दार उघडं होतं. मुलं जमिनीवर बसली होती. जर्मनीशी चाललेल्या लढाईमुळे कागद मिळेनासा झाला आहे, म्हणून त्यांनी शोकसभेची मोठी जाहिरात भिंतीवरून काढून आणली होती. तिच्यावर अध्यक्षांचं नाव ठळक होतं, दामोदरचं खाली बारीक. मुलांनी ती उलटी करून कोऱ्या बाजूवर चित्र काढायला घेतलं होतं. डोंगरातल्या पाड्यांसाठी ते देवीची लस टोचून घ्या असं सांगणारं होतं, हे मला मागाहून कळलं. काळ्या खडूने तोंड माखलेली सुशीला वळली आणि तिने चित्र माझ्यापुढे धरलं. "सर, वाचू नका. नुसतं पहा आणि काय दिसतं ते सांगा."

मी बराच वेळ पाहिलं. एक माणूस, एक उघडा दंड, एक टोकदार काही तरी. मी म्हणालो, माणसाला विंचू चावतो आहे. कुणी हसलं नाही. कुणी मला समजावलंही नाही. सुशीलेने मान हलवली, पंच्याच्या कोपऱ्याने तो दंड पुसून टाकला आणि खडू उचलून पुन्हा काढायला बसली.